पेटी बघायला

त्या मंगळवारी सकाळी साडेनऊला माझी बायको बाथरूममध्ये पडली. सासूबाईंनी हाक मारली. मी घरूनच चाललेली ऑफिसची मीटिंग सोडून वर गेलो. अ‍ॅम्ब्युलन्स आली. मला सोबत येता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. दुपारी दीड वाजता हॉस्पिटलमधून फोन आला की ती गेली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. कोविड नव्हता.

हे शेवटचं वाक्य पुढे मला पाठ झालं. फोनवर कुणाला सांगताना ‘गेली’ म्हटलं की पलीकडचा माणूस थांबायचा, आणि त्याने विचारायच्या आत मी म्हणायचो, ‘नाही, कोविड नव्हता.’ त्या वर्षी दुसऱ्या कशाने मरणाऱ्यांच्या घरच्यांना तेवढा खुलासा द्यावा लागत होता.

अंत्यविधीला दहाच माणसं चालणार होती. आम्ही सात होतो. तीन जागा रिकाम्या राहिल्या, आणि तिच्या मैत्रिणी बाहेर पार्किंगमध्ये आपापल्या गाड्यांत बसून मोबाइलवर बघत होत्या. उरलेल्या तीन जागांवर कुणाला घ्यायचं हे ठरवायची ताकद माझ्यात नव्हती. आजही त्या तीन खुर्च्यांचं मला वाईट वाटतं.

सासूबाई फेब्रुवारीत कराडहून आल्या होत्या, तीन महिन्यांसाठी. लेकीचं सिडनीजवळच्या केलीव्हिलचं नवं घर बघायला. त्यांनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यांचे यजमान लवकर गेले, आणि ही त्यांची एकुलती एक मुलगी. मार्चमध्ये विमानं बंद झाली. एप्रिलमध्ये मुलगी गेली. त्यानंतर चार बेडरूमच्या त्या घरात आम्ही दोघं उरलो. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण त्या फेब्रुवारीआधी सासूबाई आणि मी एका छपराखाली काढलेले दिवस मोजले असते तर दोन महिनेसुद्धा भरले नसते. आम्ही एकमेकांशी फार जपून वागायचो. पाहुणा कोण आणि यजमान कोण, ते दोघांनाही कळत नव्हतं.

त्यांच्यासमोर मी बायकोचा उल्लेख ‘ही’ असा करायचो. एरवी आम्ही एकमेकांना नावानेच हाक मारत होतो, पण सासूबाई समोर असल्या की माझी जीभ आपोआप जुन्या वळणावर जायची. ती गेल्यावरही ते तसंच राहिलं. हिची औषधं, हिचा फोन, हिचे कपडे.

अस्थी आल्या त्या करड्या प्लॅस्टिकच्या डब्यात. वर छापील लेबल होतं. सासूबाईंनी झाकण उघडून पाहिलं.

“ह्याला अस्थी म्हणतात?” त्यांनी विचारलं. “हे तर पीठ आहे.”

इथे दळून देतात, हे मला माहीत होतं, पण ‘दळून’ हा शब्द माझ्या तोंडून निघेना. मी म्हणालो, “इथे असंच देतात, आई.”

त्यांनी ती राख तांब्याच्या कलशात भरली, वर पांढरं फडकं बांधलं. मग प्रश्न आला, ठेवायचं कुठे. अस्थी घरात आणत नाहीत. गावाकडे झाडाला टांगतात. आमच्या मागच्या अंगणात झाड म्हणजे कुंपणाला लावलेली कमरेएवढी झुडपं. उरलं गॅरेज. पण गॅरेज घराला जोडलेलं. त्यातून एक दार थेट स्वयंपाकघराजवळ उघडतं. ते घरात धरायचं की बाहेर?

“तिथे आपण चपला घालून जातो ना?” सासूबाई म्हणाल्या. “मग बाहेर.”

सायकल टांगायच्या हुकाला त्यांनी कलश टांगला. रोज सकाळी अंघोळ करून त्या त्या दारापर्यंत जायच्या, उंबऱ्याच्या आत उभ्या राहायच्या, आणि परत यायच्या.

कलश कराडला न्यायचा, असं आधी त्यांच्या मनात होतं. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन मिळतात. पण महिने गेले आणि विमानाचं काही ठरेना. एका जेवणानंतर त्यांनी मला विचारलं, “मरे आणि डार्लिंग जिथे मिळतात, ते इथून किती लांब आहे?”

मी बघितलं. हजार किलोमीटरच्या वर.

“तीस वर्षं शिकवलं मी. मरे-डार्लिंगचं खोरं, मेरिनो मेंढ्या, गहू. डार्लिंग नदी म्हटलं की दरवर्षी मागच्या बाकावरून खी खी. एकदा तर एका कार्ट्याने विचारलं, बाई, मरे हा तिचा नवरा का?” त्या हसल्या नाहीत. “शेवटी काय, संगम तो संगम. माझी जायची वेळ येईल तेव्हा मला हे असं टांगलेलं ठेवून जायचं नाही. तुम्ही एकटे काय करणार आहात तिचं?”

खरं होतं. मी एकटा काहीच करणार नव्हतो. हुकाला कलश तसाच राहिला असता.

त्या सुमाराला राज्याच्या आत फिरायला परवानगी होती. संगमाचं गाव नदीच्या अलीकडच्या बाजूला, म्हणजे आमच्याच राज्यात. पलीकडच्या काठाला व्हिक्टोरिया राज्य, तिथे बंदी. आम्हाला नदी ओलांडायची नव्हती. जाता येत होतं. पण कलश गाडीत ठेवायचा कुठे, यावर आमचं गाडं अडलं.

“डिकीत ठेवू,” मी म्हणालो.

“डिकी म्हणजे आतच की.”

आमची गाडी मागून पूर्ण उघडणारी. डिकी आणि बसायची जागा यांच्यामध्ये भिंत नाही. सासूबाईंचं म्हणणं बरोबर होतं.

“पण गाडीत आपण चपला घालून बसतो,” मी त्यांचाच मुद्दा त्यांना दिला.

“गाडीत आपण खातो,” त्या म्हणाल्या. “दोन दिवस जायला लागणार. दशम्या गाडीतच खाणार ना? वर टपावरही नको, उन्हात. सोबत हवी, पण बाहेर हवी. आणि बंद हवी.”

तेव्हा मी लॅपटॉप उघडला. गाडीमागे लावायच्या पेट्यांची पानं त्यात अजून उघडीच होती. एकोणीस.

हा पेटीचा विषय आमच्या घरात आधीपासूनचा. ही पेटी बंपरच्या मागे, गाडीच्या बाहेर लावायची असते. गाडीखालून जो पोलादी बार येतो त्याला इथे टोबार म्हणतात. त्याच्या टोकाला चौकोनी पोकळ तोंड असतं, ते हिच. पेटीचा दांडा त्या तोंडात सारायचा, आडवी पिन घालायची, कुलूप लावायचं. गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने बसवलेली हिच तिच्याबरोबर आली होती. बायको म्हणाली, “हिच आहे तर पेटी घेऊ. इस्टरला निघू कुठेतरी. तंबू, खुर्च्या, सगळं मागे टाकू, आणि आत मी पाय पसरून बसेन.”

मी म्हणालो, बघतो. आणि बघायला लागलो.

मला वाचायची सवय आहे. पुस्तक घेतलं की तळटीपांसकट वाचतो. पेट्यांचंही तसंच केलं. उघड्या जाळीची नको, पावसात सामान भिजेल. कापडी पिशवीची नको, कुलूप लागत नाही. कडक प्लॅस्टिकची बंद पेटी हवी. ती बाजूला फिरणारी हवी, नाहीतर डिकी उघडता येत नाही. पेटीमुळे मागची नंबरप्लेट आणि दिवे झाकले जातात, तेव्हा वेगळी प्लेट मागवावी लागते, दिव्यांची पट्टी लागते. हिचवर किती भार चालेल ते गाडीच्या पुस्तकात असतं, आणि त्यात पेटीचं स्वतःचं वजनही धरायचं. पेटी फार खाली आली तर ड्राइव्हवेच्या उतारावर घासते. आणि धूळ: चालत्या गाडीमागे हवा घुसळते आणि धूळ आत ओढली जाते, म्हणून झाकणाचं रबर बघून घ्यायचं. एक माणूस लिहायचा उत्तम, त्याच्याखाली दुसरा लिहायचा, पहिल्याच ट्रिपला कडी तुटली. मग मी तिसऱ्याचं वाचायचो.

ऑक्टोबरमध्ये सुरुवात केली. ख्रिसमस गेला. जानेवारीत सगळीकडे वणवे होते, कुठे जायचं नव्हतं. मार्चमध्ये बायको एकदा माझ्या खुर्चीच्या मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, “तू घे रे एक कुठलीही. तुटली तर तुटली.”

मी म्हणालो, “ह्या आठवड्यात ठरवतो.”

मग लॉकडाऊन आला. पुढचं वर सांगितलंच आहे.

तर आता मला पेटी खरंच घ्यायची होती, आणि पेट्या नव्हत्या. परदेशी जाणं बंद झाल्यामुळे सगळा देश गाडी काढून निघायच्या तयारीत होता. दुकानं म्हणायची बारा आठवडे. एका ठिकाणी मी ऑर्डर दिली. दरम्यान सासूबाईंचं नाव भारताच्या विशेष विमानांच्या यादीत लागलं होतं. कधीही बोलावणं येईल, चार दिवस आधी कळेल. त्या रोज विचारायच्या, “आली का?” मी म्हणायचो, “नाही आली.” तिसऱ्या आठवड्यात दुकानाचा ईमेल आला की माल येत नाही, ऑर्डर रद्द.

माझा एक मित्र मेलबर्नच्या क्लेटनला असतो. आम्ही तिथे युनिव्हर्सिटीत एकत्र होतो. मी सिडनीला आलो, पॅरामॅटाच्या सरकारी ऑफिसात लागलो, तो तिथेच राहिला. गाड्यांच्या शोरूममध्ये सर्व्हिसचं काम बघतो. मेलबर्नला तेव्हा पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी होती. तो रोज आर्व्होला, म्हणजे दुपारी, एक तास चालायला निघायचा आणि चालता चालता मला फोन करायचा. माझी पेटी ही त्याची करमणूक होती.

“अरे मेट, तू त्या हिचचा फोटो पाठव,” तो म्हणायचा. “आतून गंजलीय का बघ बोट घालून. मी इथे पाच किलोमीटरात मरतोय, निदान तुझी गाडी तरी हलू दे.”

त्यानेच फेसबुकवर एक वापरलेली पेटी शोधून दिली. त्या गुरुवारी मी गॅरेजमध्ये उभा राहून त्याच्याशी बोलत होतो. तो विचारत होता, मी उत्तरं देत होतो. दाराच्या आत सासूबाई उभ्या आहेत हे मला माहीत नव्हतं. त्यांना ऐकू आलं ते माझ्याच बाजूचं.

“हो रे, पहिली गेली हातातून... आता तिच्यासाठी थांबण्यात काही अर्थ नाही... नाही नाही, हिचचा प्रश्नच नाही आता, हिचचं सगळं मी बघून घेतलंय... दुसरीच बघतोय. वापरलेली आहे, पण मला चालेल... काळी. काळीच बरी, मळत नाही... पॅरामॅटाची. शनिवारी बघायला जातोय. पसंत पडली तर लगेच घेऊन येतो घरी. आई जायच्या आत झालेलं बरं.”

संध्याकाळी सासूबाईंनी पिठलं केलं. पिठलं त्या करायच्या ते मन थाऱ्यावर नसलं की. पोळी वाढताना म्हणाल्या, “पॅरामॅटाला कोण असतं?”

मला वाटलं, त्यांना फोन ऐकू गेला असेल. “एक बाई आहे. घटस्फोट झालाय म्हणे तिचा. घाईत आहे जरा.”

“मुलंबाळं?”

“ते नाही विचारलं.”

“विचारावं,” त्या म्हणाल्या, आणि ताटावरून उठल्या.

शुक्रवारी त्या गॅरेजच्या दाराशी गेल्या नाहीत. मला वाटलं, बरं नसेल. त्या दिवसांत कुणाला बरं नाही म्हटलं की आधी ताप बघायचा, म्हणून मी थर्मामीटर नेऊन दिला. त्यांनी मुकाट्याने लावून घेतला. ताप नव्हता.

शनिवारी सकाळी खाली आलो तर खुर्चीवर माझा निळा शर्ट इस्त्री करून ठेवलेला. टेबलावर स्टीलचा डबा.

“रव्याचे लाडू आहेत,” सासूबाई म्हणाल्या. “पहिल्यांदा जाताय, रिकाम्या हाताने जाऊ नका. आणि तो ट्रॅकसूट बदला. माणसाने नीट दिसावं.”

“आई, कशाला एवढं? बघायचं आणि यायचं.”

“तुमचं वय तरी काय,” त्या खिडकीकडे बघून बोलत होत्या. “मी आड येणार नाही. कुणी तरी हवंच. फक्त पाचच महिने झालेत, लोक बोलतील. पण इथे कोण आहे बोलायला? तिला सांगा, म्हातारी दिवाळीच्या आत जाईल. माझी अडचण नाही व्हायची. तेवढा कलश मार्गी लागू दे आधी. तेवढंच माझं मागणं आहे.”

“कुणाला सांगू?”

“त्या... पॅरामॅटाच्या.”

मी डबा हातात घेऊन उभा होतो. गुरुवारचं सगळं बोलणं मला एकेक वाक्याने आठवायला लागलं. पहिली गेली. दुसरी बघतोय. वापरलेली चालेल. काळीच बरी. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या.

“आई,” मी म्हणालो, “पेटी. मी पेटी बघायला चाललोय.”

“कसली पेटी?”

“गाडीमागची. कलशासाठी. नवीन मिळत नाही म्हणून जुनी.”

“आणि हिचा प्रश्नच नाही म्हणालात ते?”

“हिचचा. हिच. ते गाडीखालचं चौकोनी भोक असतं ना, त्याला हिच म्हणतात.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग डब्याकडे, मग शर्टाकडे. मग पदर तोंडाला लावून त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. “भोक!” म्हणाल्या. “अहो, मी दोन दिवस त्या भोकासाठी रडले!” मीही हसलो. एप्रिलपासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं आणि आम्हाला ते नीट जमतही नव्हतं. मध्येच थांबायचो, परत सुरू व्हायचो. शेवटी त्या खरंच रडल्या. मी पाणी आणून दिलं.

“खरं असतं तरी मी काही म्हटलं नसतं,” डोळे पुसत त्या म्हणाल्या.

“म्हटलं असतंत.”

“हो. म्हटलं असतं.”

तेव्हा मी त्यांना सांगून टाकलं. ही पेटी हिला हवी होती, सहा महिने ती मागत होती, आणि मी नुसता वाचत बसलो. घेतली असती तर निदान एकदा तरी आम्ही कुठेतरी गेलो असतो. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, क्लेटनच्या मित्रालाही नाही.

सासूबाई ‘असू दे’ म्हणतील असं मला वाटलं होतं, ते त्या म्हणाल्या नाहीत.

“मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “तिने फोनवर सांगितलं होतं. म्हणाली, तुझा जावई पेटीवर पीएचडी करतोय.” मग म्हणाल्या, “रागाने नव्हती म्हणाली. पण घ्यायला हवी होतीत तुम्ही.”

“हो.”

“चला. मीही येते बघायला.”

पॅरामॅटाला एका जुन्या विटांच्या इमारतीखाली ती पेटी ठेवलेली होती. बाई मास्क लावून लांब उभी राहिली आणि किल्ली लेटरबॉक्सवर ठेवून मागे सरकली. सासूबाईंनी झाकण उघडून आत डोकं घातलं, वास घेतला, चारही बाजूंनी टकटक करून पाहिलं. मग शाळेतल्या इंग्रजीत विचारलं, “मॅडम, इज इट डस्टप्रूफ?”

“प्रिटी गुड, लव्ह,” बाई म्हणाली. “आम्ही एकदाच नेली, तंबू आणि मुलांचे बूट. त्यानंतर कुठे जाणं झालं नाही.”

सासूबाईंनी मला मराठीत विचारलं, “काय म्हणाली?” मी सांगितलं. त्यांनी त्या बाईकडे थोडा वेळ बघितलं, मग लाडवांचा डबा पिशवीतून काढून लेटरबॉक्सवर ठेवला. “फॉर चिल्ड्रन,” म्हणाल्या. मुलं आहेत का ते मी विचारलं नव्हतं, ते त्यांना बुटांवरून कळलं.

घरी आणल्यावर त्यांनी पेटी दोनदा साबणाने धुतली. आत जुनं वर्तमानपत्र पसरून झाकण लावलं आणि मला दहा मिनिटं होसपाइपने पाणी मारायला लावलं. कागद कोरडा निघाला. मी वाचलेल्या शेकडो मतांपेक्षा तो कागद जास्त खरा होता. हिचमध्ये दांडा बसला. गाडी मागेपुढे घेतली तर पेटी थोडी खडखडली. एक शिकंजा मिळतो तो आणून आवळला. प्लेट आली, दिवे लावले. हे सगळं चार दिवसांत झालं. सहा महिने आणि चार दिवस.

कलश एवढासा आणि पेटी तीनशे लिटरची. आतमध्ये तो लोळला असता. काहीतरी भरायला हवं होतं. सासूबाई वर गेल्या आणि हिच्या कपाटातले कपडे घेऊन आल्या: सुती साड्या, स्वेटर, ऑफिसचे कोट, दोन शाली. त्या कपाटाला आम्ही दोघांनीही हात लावला नव्हता.

“अस्थींबरोबर गेले की हे परत घरात नाही यायचे,” त्या म्हणाल्या. “चालेल ना?”

मी म्हणालो, “चालेल.” त्यांनी मध्ये जागा करून कलश ठेवला, चारही बाजूंनी कपडे दाबून बसवले. पिवळी शाल वरून. मी झाकण लावून कुलूप घातलं.

सप्टेंबर होता. डोंगर उतरून गेल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कॅनोलाची पिवळी शेतं, आणि त्यानंतर काही नाही; सपाट जमीन आणि आकाश. सासूबाई पुढच्या सीटवर मांडीवर नकाशाची वही घेऊन बसल्या होत्या. मी दर दोन मिनिटांनी आरशात बघत होतो. आरशात मागची काच, तिच्यापलीकडे पेटीची काळी कड. ती जागेवर होती. दिवसभर मी ते बघत गेलो, आणि माझी मान आखडली.

मुक्कामाचं गाव आलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं, “हे कुठलं गाव?”

“हे.”

“हो, हेच. कुठलं?”

“गावाचं नावच हे आहे, आई. हे, म्हणजे वाळलेलं गवत.”

“ह्या लोकांचं काही कळत नाही,” त्या म्हणाल्या आणि उतरून आधी पेटीचं कुलूप ओढून पाहिलं.

मोटेलच्या मालकाने खोलीची किल्ली देताना पेटीकडे बोट केलं. “काय मेट, सगळी बिअर त्यात का?”

“क्लोद्स,” मी म्हणालो. खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी संगमावर पोहोचलो. छोटी बाग आहे, गवत आहे, लाकडी बाक आहेत. कुणी नव्हतं. जमिनीचं टोक पाण्यात शिरतं तिथे दोन्ही नद्या दिसतात. डार्लिंग दुधाळ, मातकट, मरे हिरवट. दोन रंगांच्या मध्ये रेघ दिसते आणि ती बरीच लांबपर्यंत तशीच जाते. सासूबाई उभ्या राहून बघत होत्या. मला वाटलं होतं, त्या भूगोलाचं काही सांगतील. त्यांनी काही सांगितलं नाही.

मी पेटी उघडली. शालीवर धुळीचा कण नव्हता. कलश त्यांच्या हातात दिला. त्यांनी फडकं सोडलं, काठाशी बसून काहीतरी पुटपुटल्या, मग कलश मला परत दिला. “रेघ लांब आहे. मला नाही जमायचं. तुम्ही जा.”

बूट काढून मी पाण्यात उतरलो. तळाशी चिखल होता, पाणी थंड होतं. काठावरून त्या सांगत होत्या, “आणखी पुढे... आणखी थोडं... डावीकडे... या, या... बास.” गाडी मागे घेताना सांगतात तसं. गुडघ्याच्या वर पाणी आलं होतं. रेघेपर्यंत मी पोहोचलो नाही, पण तिच्या जवळ होतो. कलश पाण्याला टेकवून तिरका केला. राख आधी पाण्यावर पसरली, मग दोन्ही रंगांत गेली.

मागे वळलो तेव्हा सासूबाई हात जोडून उभ्या होत्या. “थोडी ठेवली का?” त्यांनी विचारलं.

“नाही. ठेवायची होती?”

त्यांनी विचार केला. “नको,” म्हणाल्या. “बरं झालं.”

रिकामा कलशही त्यांनी मला पाण्यात सोडायला सांगितला.

परत येताना वाटेतल्या दोन गावांत जुने कपडे घेणारी दुकानं शोधली. दोन्हींच्या दारावर पाटी होती की सध्या देणग्या घेत नाही. कपडे पेटीतच राहिले.

दिवाळीच्या आधी तीन आठवडे सासूबाईंना विमानात जागा मिळाली. विमानतळाच्या आत मला सोडत नव्हते. मास्क, त्यावर प्लॅस्टिकची ढाल, हातात एक बॅग. दारात वळून म्हणाल्या, “जेवत जा वेळेवर. आणि खरंच कधी कुणी बघितलीत, तर मला आधी सांगा. लांबून ऐकायला लावू नका.” मी हो म्हणालो. त्या आत गेल्या. काचेतून त्यांची पाठ थोडा वेळ दिसत होती.

त्या कराडला सुखरूप पोहोचल्या. रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. आम्ही दहा मिनिटं बोलतो, बहुतेक हवेबद्दल. क्लेटनचा मित्र अजून विचारतो, ट्रिप कधी. मी बघतो म्हणतो.

केलीव्हिलच्या घरात मी एकटा राहतो. पेटी गाडीवरून काढून गॅरेजमध्ये ठेवली आहे. हिचे कपडे तिच्यात आहेत.